सॉल्ट लेक सिटीचं मॉर्मन टेंपल: जायच्या आधी काय माहीत हवं?

कर्वेनगरची मावशी

नमस्कार मंडळी,

२०२७च्या मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे युटाला जातोय. तिचं घर सॉल्ट लेक सिटीपासून तासाभरावर आहे. तिने तिथल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या टेंपलचे फोटो पाठवलेत. सहा उंच मनोरे, करडा-पांढरा दगड, आणि भोवती नुसत्या क्रेन. ती म्हणते, आई, आपल्याला आत सोडत नाहीत, पण हे बांधायला चाळीस वर्षं लागली होती.

मी शाळेत इतिहास शिकवला. वर्गातल्या मुलांना घेऊन शनिवारवाडा, पाताळेश्वर, कॅम्पातलं ज्यूंचं लाल देऊळ असं दरवर्षी फिरायचे. नुसते फोटो काढून परत येणं मला जमत नाही. म्हणून विचारते. चाळीस वर्षं का लागली? अमेरिकेत तेव्हा पैसा नव्हता की माणसं नव्हती? सैन्य येणार म्हणून बांधकाम पुरून टाकलं होतं असं जावई म्हणतात, ते खरं का? आणि आत जाता येणार नसेल तर बाहेरून नेमकं काय बघू? धर्मावरची वादावादी नको, इमारतीबद्दल सांगा.

ओरेममधला पुणेकर

मावशी, लेकीला सांगा की तुम्ही याल तेव्हा आत जाता येईल! टेंपल डिसेंबर २०१९ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे. काम संपल्यावर, पुन्हा समर्पण (म्हणजे धार्मिक उद्घाटन) होण्याआधी, एप्रिल ते ऑक्टोबर २०२७ असं सगळ्यांसाठी खुलं ठेवणार आहेत. तुमचा मे महिना त्यात नेमका बसतो. एरवी फक्त चर्चने परवाना दिलेल्या सभासदांनाच प्रवेश असतो. आपल्याकडे अग्यारीत पारशांखेरीज कुणी जात नाही, तसंच इथे. १८९३ साली समर्पणाच्या आदल्या दिवशी शहरातल्या काही बिगरमॉर्मन मंडळींना आतून दाखवलं होतं, त्यानंतर बाहेरच्यांना ही पहिलीच संधी. जायच्या आधी चर्चच्या संकेतस्थळावर वेळा बघून घ्या, गर्दी प्रचंड असणार.

आणखी एक. टेंपल म्हणजे रविवारचं चर्च नव्हे. रविवारची प्रार्थना गल्लोगल्लीच्या साध्या सभागृहांत होते आणि त्या दिवशी टेंपल बंद असतं. टेंपलमध्ये लग्नं, बाप्तिस्मा, धार्मिक विधी. आणि लेकीच्या शेजाऱ्यांशी बोलताना ‘मॉर्मन’ म्हणण्यापेक्षा ‘लॅटर-डे सेंट्स’ म्हणा, २०१८पासून त्यांचा तसा आग्रह आहे. माणसं फार अगत्यशील आहेत. मॉर्मन म्हटलं म्हणून कुणी रागावणार नाही, पण त्यांना बरं वाटेल.

इमारतीचं मात्र ‘जोतं आणि पाया’ काकांनी सांगावं. काका, आहात का?

जोतं आणि पाया

आहे. मावशी, तुम्ही विचारलंयच असं की थोडक्यात उत्तर देववत नाही.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, आता निवृत्त. किल्लारीच्या भूकंपानंतर त्या भागात दगडी घरांच्या दुरुस्तीवर काम केलं. तेव्हापासून कुठलीही दगडी इमारत मी खालून वर बघतो. सॉल्ट लेकला मी टेंपल बंद व्हायच्या आधी गेलो होतो. सगळे माना वर करून टोकावरचा सोनेरी पुतळा बघत होते. तुम्ही खालून सुरुवात करा, कारण या इमारतीचा सगळा इतिहास पायात आहे.

आधी थोडं मागे जावं लागेल. या पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ १८४४ साली इलिनॉयमध्ये तुरुंगात असताना जमावाच्या हातून मारला गेला. तिथल्या नॉवू गावात त्यांचं टेंपल चाललं होतं. ते त्यांनी १८४६त पुरं केलं आणि त्याच वर्षी त्यांना गाव सोडावं लागलं. १८४८त ते आगीत जळालं, १८५०च्या वादळात उरलेल्या भिंतींचीही पडझड झाली. एवढ्या कष्टाने बांधलेलं देवघर सोडून आलेली ही माणसं होती. स्मिथनंतर त्यांचा नेता झालेल्या ब्रिगहॅम यंगने पुढे पायाच्या बाबतीत जो हट्ट धरला, त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

जुलै १८४७मध्ये यंग सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात पोचला आणि चार दिवसांत काठी टेकवून त्याने टेंपलची जागा ठरवली. अजून डोक्यावर छप्पर नव्हतं कुणाच्या. फेब्रुवारी १८५३त खोदाई सुरू झाली आणि ६ एप्रिलला कोनशिला बसल्या. ६ एप्रिल हा त्यांच्या चर्चचा स्थापनादिन, म्हणून पुढच्या मोठ्या तारखाही तुम्हाला याच दिवशी सापडतील. वास्तुकार ट्रुमन एंजल, मूळचा सुतार. यंगने त्याच्यासमोर पाटीवर मनोरे काढून दाखवले आणि त्याने त्याची इमारत केली. १८५६त यंगने त्याला युरोपातल्या इमारती बघायलाही पाठवलं.

आता तुमच्या जावयांची गोष्ट. ती खरी आहे. १८५७त राष्ट्राध्यक्ष बुकॅननने युटावर सैन्य पाठवलं. वॉशिंग्टनमध्ये समज असा की मॉर्मनांनी बंड केलंय. १८५८च्या वसंतात सगळं शहर दक्षिणेला हललं. घरांत पेंढा भरून ठेवला होता, सैन्याने ताबा घेतलाच तर पेटवून द्यायला. आणि पाच वर्षं खपून घातलेला टेंपलचा पाया मातीने बुजवून, वरून नांगर फिरवून साधं शेत केलं. जूनच्या अखेरीस सैन्य रिकाम्या शहरातून शांतपणे निघून गेलं आणि लांब छावणी टाकून बसलं. लढाई झालीच नाही.

माती काढून पाया उघडला तेव्हा त्यात भेगा दिसल्या. सदोष भाग उकलून यंगने काम पुन्हा करून घेतलं. ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य येईल तोवर हे टिकलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे १८५३ ते जवळजवळ १८६५पर्यंत जमिनीच्या वर दाखवण्यासारखं काही नव्हतं. आज कुठला ट्रस्ट किंवा कुठली सोसायटी बारा वर्षं पायावर घालवेल? मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. त्याच्या बाकीच्या आयुष्याबद्दल बरंच बोलता येईल, पण तुम्ही इमारतीचं विचारलंय.

मग दगड. त्याला सगळे ग्रॅनाइट म्हणतात, भूशास्त्रात तो क्वार्ट्झ मोन्झोनाइट. भिंतीजवळ गेलात की हाताने चाचपा. आपला पुण्याचा काळा बेसाल्ट लाव्हा वर येऊन भराभर थिजल्यामुळे झाला, म्हणून त्याचे कण डोळ्याला दिसत नाहीत. हा दगड जमिनीच्या पोटात सावकाश निवाला, म्हणून त्यात पांढरे-करडे स्फटिक वेगवेगळे दिसतात आणि मध्ये काळे ठिपके, जिरं पेरल्यासारखे. खाण शहरापासून वीस मैलांवर, लिटल कॉटनवूड नावाच्या घळीत. खाण म्हणजे डोंगर फोडला असं नाही. कड्यावरून खाली आलेले प्रचंड धोंडे तिथे पडलेले होते, तेच फोडले. ओळीने भोकं पाडायची, पाचरी घालायच्या, एकामागून एक ठोकत जायचं. आपले वडार आणि पाथरवट वर्षानुवर्षं हेच करत आले. धोंडा फुटला की प्रत्येक भोकाची अर्धी पन्हळ फुटलेल्या तोंडावर राहते. तिथल्या न वापरलेल्या धोंड्यांवर त्या पन्हळी अजून आहेत.

हे दगड बैलगाड्यांतून यायचे. मोठ्या दगडाला बैलांच्या चार चार जोड्या आणि एका फेरीला तीन-चार दिवस. ओढे, चिखल, मोडलेले आस. मजूर कोण, तर दशांश देणारे शेतकरी. ज्याच्याकडे रोख नाही त्याने दहातला एक दिवस श्रम द्यायचा. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की पैसाही नव्हता आणि माणसंही उसनी होती. त्यात १८६०च्या दशकाच्या शेवटी हीच माणसं आंतरखंडीय रेल्वेच्या कामावर गेली, टेंपलचं काम रेंगाळलं. पण पुढे त्याच रेल्वेचा फाटा १८७३त खाणीपर्यंत गेला आणि चार दिवसांचं काम काही तासांवर आलं. भिंती त्यानंतर भराभर चढलेल्या दिसतात.

यंग १८७७त वारला, एंजल १८८७त. दोघांनीही पुरी इमारत पाहिली नाही. शेवटचे मनोरे आणि आतलं काम यंगचा मुलगा जोसेफ डॉन कार्लोस यंग याने केलं. १८८७ला सरकारने बहुपत्नीत्वावरून चर्चची मालमत्ता जप्त करायचा कायदा केला, १८९०ला चर्चने बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं. ६ एप्रिल १८९२ला कळसाचा दगड बसला तेव्हा ठराव झाला की आतलं सगळं काम वर्षभरात संपवायचं. एकोणचाळीस वर्षं भिंतींना आणि एक वर्ष आतल्या लाकूडकाम, रंग, विजेच्या दिव्यांना! ६ एप्रिल १८९३ला समर्पण झालं.

कळसाच्या दगडात तेव्हा पुस्तकं, फोटो वगैरे ठेवून काँक्रीट ओतलं होतं. २०२०त तो उतरवून उघडला. पुस्तकांचा पार लगदा झाला होता. पण काँक्रीटमध्ये जवळजवळ चारशे नाणी निघाली. बहुतेक थोड्या मोलाची चिल्लर. मला त्या पुस्तकांपेक्षा ही चिल्लर मोलाची वाटते. कुणी तरी खिशात हात घालून होतं ते ओल्या काँक्रीटमध्ये टाकलंय.

आता माझ्या धंद्याचं. भिंती जमिनीपाशी नऊ फूट जाड, वर निमुळत्या होत सहा फूट. ऐकून वाटतं, याला काय होणार? किल्लारीत हेच वाटायचं. तिथल्या माळवदाच्या घरांच्या भिंतीही दोन-दोन, अडीच-अडीच फूट होत्या. पण आतली आणि बाहेरची बाजू वेगळी रचलेली, मध्ये दगडगोटे आणि माती, दोन्ही बाजूंना बांधणारा आरपार दगड नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे त्या भिंती पोट फुटून दोन्हीकडे पडल्या आणि वरचं माळवदाचं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. जाडीने माणसं वाचली नाहीत. भूकंपात वजन हाच शत्रू असतो, कारण जमीन जितक्या जोरात हलेल तितका वजनाच्या प्रमाणात भिंतीवर ताण येतो.

टेंपलचे दगड घडीव आणि चुन्यात नीट बसवलेले, त्यामुळे तुलना बरोबरीची नाही. पण वजन तेच. आणि शहराला लागून डोंगराच्या पायथ्याने वासाच फॉल्ट, म्हणजे भूकंप घडवू शकणारी जमिनीतली भेग, गेलाय. म्हणून ही दुरुस्ती. काम सुरू होऊन तीन महिने होतात न होतात तोच १८ मार्च २०२०ला ५.७ रिश्टरचा धक्का बसला आणि वरच्या मोरोनाय देवदूताच्या हातातली तुतारी खाली पडली.

उपाय काय केला, तर अख्ख्या इमारतीखाली नवा पाया घातला आणि मध्ये ९८ बेस आयसोलेटर, म्हणजे इमारतीला जमिनीच्या हलण्यापासून वेगळं ठेवणारे आधार, बसवले. आधी जुन्या पायाखालून आडवे पाइप घुसवले, त्यात सळया आणि काँक्रीट भरलं, मग नव्या तुळयांवर थोडा थोडा भार घेतला. वर शंभर-सव्वाशे वर्षांची दगडी इमारत उभी आणि खाली तिचे पाय बदलताहेत. भूकंप आला की खालची जमीन इकडेतिकडे सरकेल आणि वरची इमारत तिच्या मागे धावायच्या ऐवजी सावकाश डोलेल. आपल्याकडे भूजचं सरकारी रुग्णालय २००१च्या भूकंपानंतर याच तंत्राने बांधलं. सॉल्ट लेकची सिटी अँड काउंटी बिल्डिंगही १९८९त अशीच उचलून घेतली होती, जुन्या वारसा इमारतीखाली आयसोलेटर घालण्याचं जगातलं ते पहिलं काम. तीही बघा, टेंपलपासून फार लांब नाही.

बाहेरचं कोरीवकाम खालून वर असं वाचा: बाहेर आलेल्या आधारखांबांच्या पायाशी पृथ्वी, त्यावर चंद्राच्या कला, त्यावर सूर्य, मग तारे. पूर्वेचे तीन मनोरे पश्चिमेच्या तिघांपेक्षा उंच, मधला २१० फूट. पश्चिमेच्या मधल्या मनोऱ्यावर सप्तर्षी कोरलेत, ध्रुवताऱ्याकडे बोट दाखवणारे. वाट चुकलेल्याला धर्माधिकाऱ्यांच्या मदतीने वाट सापडते, असा त्याचा अर्थ एंजलनेच लिहून ठेवलाय. सोनेरी मोरोनाय सायरस डॅलिन या शिल्पकाराने केला, साडेबारा फूट, तांब्याच्या पत्र्याचा. डॅलिन स्वतः त्या पंथाचा नव्हता.

कर्वेनगरची मावशी

काका, दोन वेळा वाचलं. नांगर फिरवल्याचं वाचून यांनाही बोलावून दाखवलं. किल्लारीच्या वेळी आमच्या शाळेने कपडे-धान्य गोळा केलं होतं, पण भिंती अशा का पडल्या ते मला इतक्या वर्षांनी आज कळलं.

आत जाता येणार म्हणताय, तर आत काय? लेकीच्या शेजारणीने सांगितलं की जुनी भित्तिचित्रं होती ती आता नाहीत. का काढली?

रंगरेषा

मावशी, हे मी सांगते. मी चित्रकला शिकवते आणि या विषयावर मला अजून वाईट वाटतं.

१८९० साली, टेंपल संपत आलं तेव्हा, चर्चच्या लक्षात आलं की एवढ्या मोठ्या भिंती रंगवायला आपल्याकडे शिकलेले चित्रकार नाहीत. म्हणून जॉन हॅफेन, लोरस प्रॅट आणि जॉन फेअरबँक्स यांना चर्चच्या खर्चाने पॅरिसला अकादमी ज्युलियानमध्ये पाठवलं. मागून एडविन इव्हान्सही गेला. धर्मप्रचारक म्हणून नेमणूक आणि काम चित्र शिकायचं! मानवाकृती, निसर्ग, मोकळ्या हवेत रंगवणं शिकून ते परत आले आणि एडनची बाग व बाहेरचं खडतर जग अशा खोल्या त्यांनी रंगवल्या. भाविक एका खोलीतून दुसरीत चढत जायचे आणि विधीची कथा चित्रांसोबत पुढे सरकायची. जिवंत माणसं ती सादर करायची. म्हणजे चित्र, वास्तू आणि विधी मिळून एकच रचना होती.

मार्च २०२१मध्ये चर्चने जाहीर केलं की सादरीकरणाच्या जागी इथेही चित्रपट येणार, खोल्यांची रचना बदलणार आणि भित्तिचित्रं ठेवता येणार नाहीत. कारणं पटण्यासारखी आहेत. पूर्वीच्या गळतीने आणि दुरुस्त्यांनी ती खराब झाली होती, अनेकदा पुन्हा रंगवली गेली होती, आणि गिलाव्यावरचं चित्र अखंड सोडवणं फार अवघड. तिथे आता जास्त भाषांत, जास्त लोकांना विधी करता येतील हेही खरं. तरीसुद्धा. एका गरीब वस्तीने आपली माणसं समुद्रापार पाठवून जे शिकून आणलं, ते त्याच इमारतीच्या भिंतींवर राहायला हवं होतं. काकांच्या आयसोलेटरांनी दगड पुढची कित्येक वर्षं राहील. चित्रं फोटोंत राहिली.

सॉल्ट लेक सिटीपासून दक्षिणेला दोनेक तासांवर मँटाय नावाचं गाव आहे. तिथल्या टेंपलमध्ये मिनर्वा टायकर्ट या बाईंनी १९४७ साली एक मोठी खोली रंगवलीय. तीही काढणार असं ठरलं होतं, पण लोकांनी कळकळीने विनंत्या केल्या आणि दोन महिन्यांत निर्णय फिरला. ती चित्रं वाचली. आत जाता येणार नाही, पण टेकडीवरची इमारत बाहेरून जरूर बघा, पिवळसर चुनखडकाची आहे.

ओरेममधला पुणेकर

रंगरेषा ताई, हे मला माहीत नव्हतं, रोज त्या वाटेने जातो तरी. काका, एक शंका. आपल्या पुण्यातल्या जुन्या वाड्यांना असं खालून आयसोलेटर घालता येईल का?

जोतं आणि पाया

तंत्र म्हणून येईल, पण वाड्याला ते लागत नाही. आयसोलेटरचा खरा फायदा ताठ आणि जड इमारतीला, आणि खाली जमीन भक्कम असेल तर. आपल्या वाड्याचं जोतं घडीव काळ्या दगडाचं, पण वर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये विटा. लाकूड मुळातच लवतं. वाड्याचे शत्रू वेगळे: वाळवी, छपराची गळती आणि आग. शनिवारवाडा १८२८च्या आगीत गेला, जोती आणि तटबंदी राहिली. वाड्यासाठी कुणी पैसे देणार असेल तर मी आधी कौलं आणि पन्हळी नीट करायला सांगेन, मग खांबांचे पाय तपासेन.

कॅम्पातल्या लाल देवळाचा मनोरा मात्र वेगळी गोष्ट. उंच, सडपातळ, दगड-विटांचा. त्याचा अभ्यास व्हायला हवा असं मला फार वाटतं. मावशी, ते देऊळ १८६७चं. टेंपलच्या शेजारचं टॅबरनॅकलही १८६७त उघडलं. तिथे आत फिरता येतं, ते चुकवू नका. २५० फूट लांब, १५० फूट रुंद आणि मध्ये एकही खांब नाही. हेन्री ग्रो नावाच्या पूल बांधणाऱ्याने पुलासारख्या लाकडी जाळीच्या कमानींवर छप्पर तोललंय. लोखंड महाग आणि लांबून यायचं, म्हणून लाकडी खुंट्या मारल्या आणि जिथे लाकूड चिरलं तिथे ओलं कातडं गुंडाळलं. ते वाळताना आवळून बसतं. व्यासपीठावर टाचणी टाकून दाखवतात, तुम्ही पार मागच्या बाकावर बसून ऐका.

खाणीची जागाही जमवा. लिटल कॉटनवूडच्या तोंडाशी टेंपल क्वॉरी ट्रेल नावाची छोटी सपाट वाट आहे, आपल्या वयाच्या गुडघ्यांनाही झेपेल. मी म्हटलेले पन्हळी असलेले धोंडे तिथेच आहेत. त्याच घळीत डोंगर पोखरून चर्चने वंशावळींच्या मायक्रोफिल्मचं तळघर केलंय, ते बघायला मिळत नाही. पण शहरात टेंपलच्या समोरच त्यांचं वंशावळींचं ग्रंथालय आहे आणि ते सगळ्यांना फुकट खुलं आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं मायक्रोफिल्मिंग याच लोकांनी केलंय. तुम्ही इतिहासाच्या बाई, तिथे अर्धा दिवस वेगळा काढून ठेवा.